डॉक्सीची गोळी आणि तुझी वही

कुडाळ तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाली, म्हणून छापत नाही. पत्र चार पानी आहे. त्यातला गाभा असा:

"ताई, मी पुण्याहून मानवशास्त्रात एम.ए. केलं. लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ नये म्हणून आरोग्य केंद्रातून मिळणारी डॉक्सीची (डॉक्सिसायक्लीनची) गोळी लावणीच्या दिवसांत बायका का घेत नाहीत, यावर मी डिझर्टेशन केलं. आमच्याच भागातल्या तीन वाड्यांत 34 मुलाखती घेतल्या. आमच्या मॅडमनी कौतुक केलं. पण आरोग्य संशोधनातल्या एका जागेसाठी मुलाखतीला गेले, तर तिथले एक डॉक्टर म्हणाले, ‘34? एवढ्याशा नमुन्यावरून काय सिद्ध होतं?’ मला उत्तरच सुचलं नाही. बाबांची 60 गुंठे भातशेती आहे आणि थोडी काजूची कलमं. आत्या म्हणते बी.एड. कर, नाहीतर तलाठ्याच्या परीक्षेला बस. मला आरोग्य संशोधनातच काम करायचं आहे. पीएच.डी.ला लागू, एम.पी.एच. करू, की मिळेल ती नोकरी धरू? आणि त्यासाठी कोकण सोडावंच लागेल का?"

प्रिय मुली,

आधी गोळीबद्दल बोलू, नोकरीबद्दल मग.

पत्राबरोबर तू डिझर्टेशनमधली आठ पानं जोडलीस. त्यातलं तिसरं पान मी तीनदा वाचलं. एक काकी पहाटे साडेपाचला उठतात. विसरायला नको म्हणून चूल पेटवायच्या आधीच डॉक्सीच्या दोन गोळ्या घोटभर पाण्याबरोबर गिळतात आणि तशाच तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला जातात. पुढचे तीन-चार तास कंबरेत वाकून काम. त्यांचं बोलणं तू जसंच्या तसं उतरवलं आहेस: "गोळी घेतली काय छातीत आग पडता. त्यापेक्षा लेप्टो बरो." दुसऱ्या आठवड्यापासून त्या गोळ्या फडताळात साखरेच्या डब्यामागे जाऊ लागल्या. तू गेलीस तेव्हा तिथे तीन आठवड्यांच्या सहा गोळ्या होत्या, आणि आशाताईंच्या, म्हणजे वाडीच्या आशा सेविकेच्या, वहीत त्या घरासमोर ‘वाटप पूर्ण’ अशी नोंद होती.

अगं, या एका पानात केवढं काय आहे! डॉक्सिसायक्लीन अन्ननलिकेला लागते. उपाशीपोटी, कमी पाण्याबरोबर घेतली आणि लगेच आडवं झालं किंवा वाकलं, तर गोळी मध्येच अडकून आतून भाजल्यासारखं होतं. म्हणून ती खाल्ल्यानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास ताठ बसायचं, असं कुठलाही डॉक्टर सांगेल. म्हणजे काकी अडाणी नव्हत्या आणि हट्टीही नव्हत्या. त्यांच्या छातीतली आग खरी होती. आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम, एवढंच वेळापत्रक. पण लावणीच्या दिवसांत बाई किती वाजता काय खाते, हे कुणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस. दहाच्या सुमाराला बांधावर पेज येते आणि पेजेनंतर सगळ्या जणी थोडा वेळ टेकतात, हे तुझ्याच पानावर आहे. गोळी पेजेनंतर घ्यावी, हा उपाय तू ‘शिफारशी’मध्ये सहाव्या क्रमांकावर एका ओळीत टाकला आहेस. तो पहिल्या पानावर पहिल्या वाक्यात यायला हवा होता. तुझ्या सगळ्या प्रश्नांचं मूळ मला इथे दिसतं. तुला काय सापडलं आहे, ते तुला स्वतःलाच अजून नीट कळलेलं नाही.

गोळी वाटली जाणं आणि ती पोटात जाणं यांच्यामध्ये जे काही घडतं, ते पाहणाऱ्या शाखेला वैद्यकीय मानवशास्त्र म्हणतात. ही हौसेची शाखा नाही. पापुआ न्यू गिनीत फोरे लोकांमध्ये कुरू नावाचा जीवघेणा आजार होता. त्यात बायका आणि मुलं जास्त मरत. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे दोन मानवशास्त्रज्ञ तिथे जाऊन राहिले. कोण कुणाचं कोण लागतं, मयताच्या वेळी कोण काय करतं, हे विचारत बसले. मृत नातेवाइकाचं मांस खाण्याच्या विधीत बायका आणि मुलंच प्रामुख्याने असत, आणि तो विधी केव्हा सुरू झाला याचा मेळ आजाराशी बसत गेला. 2014 साली पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा प्रेताला अंघोळ घालण्यातून लागण होत होती, आणि पथकं प्रेतं परस्पर उचलून नेऊ लागली तशी माणसं प्रेतं लपवू लागली. सुरक्षित अंत्यविधीत घरच्यांना जागा कशी देता येईल, हे सांगायला तिथे मानवशास्त्रज्ञांना बोलवावं लागलं.

इतक्या लांब जायलाही नको. आपल्या महाडकडे बघ. 1970च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण तपासत होते. विंचू चावून धडधाकट माणसं दगावत होती. ते रुग्णाच्या खाटेजवळ तासन् तास बसले. घाम कधी सुटला, नाडी कशी झाली, हातपाय गार कधी पडले, हे लिहीत राहिले. ती निरीक्षणं 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने मृत्यू खूप कमी झाले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते डॉक्टर, तू मानवशास्त्राची, वाटा वेगळ्या आहेत. पण माणसाजवळ बसून, घाई न करता, दिसलं तसं लिहायचं, हे दोघांचं एकच काम आहे.

आता त्या 34 मुलाखतींचं. तुला राग येईल, पण त्या डॉक्टरांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तुझं उत्तर तयार नव्हतं. ‘किती बायका गोळी घेत नाहीत’ हे सांगायचं असेल तर 34 खरंच पुरत नाहीत, आणि तसा दावा तू करूही नकोस. ‘का घेत नाहीत आणि घ्यायला कशाने सोपं जाईल’ हे सांगायला मात्र तीन वाड्यांतल्या 34 लांब मुलाखती पुरू शकतात, जर तुला हे सांगता आलं: मी बायका कशा निवडल्या, कुणाला वगळलं आणि का, आणि साधारण कितव्या मुलाखतीनंतर नवीन कारण पुढे येणं थांबलं. पुढच्या वेळी हे शांतपणे, चार वाक्यांत सांग. आणि पाचवं वाक्य असं म्हण: या मुलाखतींतून मिळालेली कारणं घेऊन आता तालुकाभर मोजणी करता येईल, आणि प्रश्नावली कशी असावी हे मी सांगू शकते. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांच्या आजारांचा अभ्यास केला. 1989 साली तो ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि 92 टक्के बायकांना स्त्रीरोग आहेत, हा आकडा जगापुढे गेला. असा आकडा हवाच. पण जे दुखणं बाई परक्या माणसापुढे उच्चारतही नाही, ते मोजायच्या आधी तिने तुमच्यापुढे बोलायला हवं.

माझंच सांगते. शिक्षण संपल्यावर माझी पहिली नोकरी एका सर्वेक्षणात घरोघर फिरून फॉर्म भरायची होती. गुहागरकडच्या एका वाडीत ओटीवर बसून मी विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणाला ताप आला होता का?" बाई म्हणाल्या, "नाही." मी ‘नाही’वर खूण केली. तेवढ्यात आतून सासूबाईंनी त्यांना हाक मारली, तर त्या उठता उठता म्हणाल्या, "आले हो, अजून अंग धरलंय, कालपण कणकण होती." मी पुन्हा विचारलं, मग ताप नाही कसा म्हणालात? त्या म्हणाल्या, "कणकण म्हणजे ताप नव्हे. ताप म्हणजे ज्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं तो." मला एकदम धसका बसला. त्याआधी मी 60 घरं केली होती. त्यातले किती ‘नाही’ हे असे कणकणीवाले असतील?

मी ते फॉर्मच्या कडेला लिहिलं. आमच्या वरिष्ठांनी लाल शाईने खोडलं आणि सांगितलं, प्रश्नावलीत नाही ते लिहायचं नाही. मी खूप खट्टू झाले. पण त्या दिवसापासून शंभर पानी वेगळी वही केली आणि रोज रात्री, फॉर्मात न मावलेलं त्यात लिहू लागले. कणकण, कसकस, अंगात मुरलेला ताप, उन्हाचा ताप, बाहेरचं लागलेला ताप. दोन वर्षांनी दुसऱ्या एका अभ्यासासाठी मराठीत प्रश्नावली तयार करायला माणूस हवा होता. मुलाखतीला मी ती वही घेऊन गेले. पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी बाजूला ठेवलं आणि वही चाळत बसले. मला ते काम मिळालं.

म्हणून तुझ्या मुख्य प्रश्नाचं माझं उत्तर: आत्ता पीएच.डी. नको. आधी दीड-दोन वर्षं एखाद्या प्रकल्पात नोकरी कर, मग एम.पी.एच. कर, आणि तेव्हाही एखादा प्रश्न झोपू देत नसेल तर पीएच.डी. कर. उलट क्रमाने गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यातली बरीच जण प्रश्न हातात नसताना चार-पाच वर्षं ग्रंथालयात बसून थकली.

पहिली नोकरी ‘फील्ड इन्व्हेस्टिगेटर’ किंवा ‘प्रोजेक्ट असिस्टंट’ अशा नावाची असेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि तिच्या संस्था अशा जागांच्या जाहिराती आपापल्या संकेतस्थळांवर टाकतात. परळला प्रजनन आणि बाल आरोग्यावर काम करणारी त्यांची संस्था आहे, तिचं ग्रामीण केंद्र डहाणूला आहे. पुण्यात विषाणू संस्था आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतही आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयात ‘सामुदायिक वैद्यकशास्त्र’ नावाचा विभाग असतो. जाहिरातीची वाट न बघता तिथल्या प्राध्यापकांना एक पानाचं पत्र घेऊन भेट. बाबांना मात्र स्वच्छ सांग: या जागा कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की संपतात, पगार सुरुवातीला बेताचा असतो. ते लपवून ठेवलंस तर पुढच्या वर्षी आत्याचं म्हणणं खरं वाटायला लागेल.

एम.पी.एच. म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. ती फक्त डॉक्टरांसाठी आहे हा समज मनातून काढून टाक. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजशास्त्रांची मुलं या विषयात शिकत आली आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतल्या अच्युत मेनन केंद्रात 1997 पासून हा अभ्यासक्रम आहे. देवनारलाच लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तीच सांभाळते. आकड्यांची गोडी लागली तर तिकडे बघ. प्रवेशाच्या अटी आणि परीक्षा बदलत असतात, त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचून ठरव.

आकड्यांची भीती तुझ्या पत्रात दोन ठिकाणी डोकावते. ती घालवायलाच हवी, त्याला पर्याय नाही. एखाद्या रोगाचे आज गावात किती रुग्ण आहेत आणि वर्षात नवे किती झाले, हे दोन वेगळे आकडे आहेत. त्यातला फरक तुला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावर असतो. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेला बसायचं तर शुल्क आहे. तो या पावसाळ्यात कर. आकडेवारीसाठी ‘आर’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. रोज तासभर दिलास तर सहा महिन्यांत हात बसेल. रोग्याशी कसं बोलावं हे तुला शिकवावं लागणार नाही, पण आकड्यांच्या टेबलाशी बसलेल्या माणसांना आपलं म्हणणं त्यांच्या रीतीने सांगता आलं नाही तर ते तिथेच राहतं.

एक गोष्ट मात्र तुझ्या पानांत मला खटकली, आणि ती कडक शब्दांत सांगते. तू एका बाईबद्दल लिहिलं आहेस: "वय 45, विधवा, मुलगा ट्रॉलरवर खलाशी, घराला लागून चिकूचं झाड." नाव लिहिलं नाहीस, पण 12 घरांच्या वाडीत हे वाचून शेंबडं पोरही सांगेल की ही कोण. आणि पुढच्याच ओळीत त्या बाईंनी भगताकडून अंगारा आणल्याचं, दिरापासून लपवल्याचं लिहिलं आहेस. त्यांनी तुझ्यावर विश्वास टाकून सांगितलं होतं. वय ‘चाळिशी-पन्नाशी’ कर, झाड काढ, मुलाचा धंदा काढ. अर्थ कुठेच उणा होत नाही. आयसीएमआरची 2017 सालची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड करून वाच, समाजशास्त्रीय संशोधनाबद्दलचा भाग तर दोनदा. विभागाने नैतिकता समितीची मंजुरी घेतली होती का, हेही विचारून घे. नसेल तर बरीच नियतकालिकं हे काम छापणार नाहीत. पुढच्या अभ्यासाच्या आधी मंजुरी घे. आणि संमतीपत्र असं लिही, की ते मालवणीत वाचून दाखवलं तर काकींना कळेल.

मुलाखतींबद्दल अजून एक. आर्थर क्लाइनमन हे अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ. त्यांनी 1970च्या दशकात रुग्णाला विचारायचे काही साधे प्रश्न मांडले: या दुखण्याला तुम्ही काय म्हणता, ते कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं, नेमकं तेव्हाच का सुरू झालं, यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. तुझ्या प्रश्नांत हा शेवटचा नाही. लेप्टो झालेल्या एखाद्या घरात जाऊन तो विचार. मरणाची भीती सगळे सांगतील, पण थोडं थांबलीस तर त्याच्या मागचं येईल: शेत अर्धं राहील, दुसऱ्यांच्या लावणीला जायचा शब्द मोडेल, गोव्याला न्यायला गाडी कोण देईल.

कोकण सोडायचं का? शिकायला सोड. त्याची टोचणी लावून घेऊ नकोस, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला जातातच. पण तुझं काम इथे आहे, हे मी मायेपोटी म्हणत नाही. दोडामार्गात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आहेत. हा रोग 1957 साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला, तो गोचिडींमधून पसरतो, आणि काजूच्या बागेत पालापाचोळ्यात बी वेचणाऱ्या माणसाला त्याचा धोका असतो. मेलेलं माकड दिसलं तर ते पहिल्यांदा कुणाला सांगितलं जातं, पोलीस पाटलांना, वनरक्षकाला, की कुणालाच नाही? हा प्रश्न तुझ्यासारखीने विचारायचा आहे. आंब्याच्या बागा राखायला आणि बोटींवर नेपाळहून आलेली माणसं आजारी पडल्यावर कुठे जातात? मुलगा मुंबईला, आणि इथे घरात एकटी आई; तिच्या बीपीच्या गोळ्या रात्रीच्या बसने पार्सलमधून येतात, त्या ती रोज घेते, की पुढचं पार्सल येईपर्यंत पुरवून पुरवून घेते? यातला कुठलाही प्रश्न घे, दहा वर्षांचं काम आहे.

आत्यांशी वाद घालू नकोस. काळजीने म्हणतात. फक्त हा विषय आपल्याकडे परका नाही, एवढं सांग. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि गावोगाव हिंडून माणसांची मोजमापं घेत राहिल्या. त्या सून होत्या आपल्या दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्व्यांच्या. आणि बाबांना तुझं तिसरं पान वाचून दाखव. साखरेच्या डब्यामागच्या गोळ्यांची गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजेल, कारण त्या चिखलात ते स्वतः उभे असतात.

आता आजपासूनचं काम. मिरग लागायला पाच आठवडे आहेत. डिझर्टेशन बाजूला ठेव आणि एकच पान लिही, मराठीत. वरती पहिलं वाक्य: गोळी पहाटे उपाशीपोटी घेतल्याने छातीत जळजळ होते, म्हणून बायका ती सोडतात, दहाच्या पेजेनंतर पेलाभर पाण्याबरोबर दिली तर घेतील असं त्या स्वतः सांगतात. खाली तुझ्या तीन वाड्यांतल्या बायकांची चार-पाच वाक्यं, नावाशिवाय. ते पान घेऊन तुमच्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेट. गर्भवती बायका आणि लहान मुलं यांना ही गोळी सहसा देत नाहीत, त्यामुळे कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे त्यांनाच ठरवू दे. तू फक्त वेळेबद्दल बोल. मग आशाताईंच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं मागून घे. आणि त्या काकींकडे सगळ्यात आधी जा. त्यांचं म्हणणं कागदावर कसं उतरलंय ते त्यांना वाचून दाखव, आणि त्या जे दुरुस्त करतील ते दुरुस्त कर.

पान झालं की मला पाठव. मालवणी शब्द तसेच ठेव.

तुझी,
ताई